तो तिचा भाऊ नसता तर?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

«मी मुंबईच्या मध्य उपनगरात राहते, वय ५३. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या महिला संघाचं काम बरीच वर्षं करते. आमच्या क्वायरमध्ये एक तिशीतली सून आहे. नवरा कुवेतला, घरात ती आणि सासू. तीन महिन्यांपूर्वी मी तिला रात्री साडेनऊला दादरच्या पुलावर पाहिलं. एका पुरुषाचा दंड धरून चालली होती. नंतर आणखी दोनदा तशीच दिसली. बुधवारच्या घरगुती प्रार्थनासभेत मी तिचं नाव घेऊन म्हणाले, हिच्या घरासाठी विशेष प्रार्थना करू या. बायकांनी का म्हणून विचारलं, मी सांगितलं. आठ दिवसांत गोष्ट सासूच्या कानावर गेली आणि तिथून फोनवर कुवेतला. मग कळलं की तो तिचा सख्खा भाऊ. दारूपायी सगळ्यांनी तोडलेला. आता कॅन्सर झालाय, टाटाला उपचार चालू आहेत, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलाय. सासरी त्याचं नाव चालत नाही म्हणून ती चोरून डबा न्यायची. हे कळलं आणि मला माझीच लाज वाटली. ती आता चर्चला येत नाही. तिची क्षमा कशी मागू? संघातल्या बायका म्हणतात, आपला हेतू चांगला होता, आता विषय वाढवू नकोस.

दुसरं असं की, गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी ‘दोष काढू नका’ या वचनावर उपदेश केला. माझा मुलगा म्हणतो, म्हणजे कुणाला काही बोलायचंच नाही, जो तो आपल्या जागी बरोबर. तसं असेल तर माझा दीर पिऊन येतो, जावेला मारतो, अकरा वर्षं हे चाललंय. त्यावरही बोलायचं नाही का?»

प्रिय ताई,

सलाम. पत्र छापण्याआधी मी त्यात बरेच फेरफार केले आहेत. आजार, देश, स्टेशन, सगळं थोडं थोडं हलवलंय. एकदा चारचौघांत फिरलेलं त्या मुलीचं नाव माझ्या हातून पुन्हा फिरायला नको. वाचकांनीही ओळखायचा प्रयत्न करू नये, ही विनंती.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी दोन दिवस अडले होते. तो सख्खा भाऊ निघाला, हे कळलं आणि माझीच लाज वाटली, असं तुम्ही लिहिलंय. ही लाज खरी आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण ताई, तो तिचा भाऊ नसता तर? तुम्हाला वाटलं होतं तेच खरं निघालं असतं तर? मग ही लाज वाटली असती का? मला वाटतं, नसती वाटली. ‘बघा, मी म्हणत नव्हते?’ एवढं म्हणून तुम्ही पुढच्या कामाला लागला असता. पोरगी तशीच घरात कोंडून राहिली असती, क्वायरमधली तिची जागा तशीच रिकामी राहिली असती, आणि मला हे पत्र आलंच नसतं.

हे मी तुम्हाला टोचायला लिहीत नाही. मी स्वतः यातून गेले आहे, आणि माझ्या बाबतीत तर माझं खरं निघालं होतं.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी शाळेत शिकवत होते आणि आमच्या मंडळीतल्या बारा जणींची भिशी माझ्याकडे होती. महिन्याला दोनशे रुपये. मे महिन्यात मी गावी गेले, तेव्हा पैसे गोळा करायचं काम एका बाईवर सोपवलं. परत आले तर दोन हजारांचा हिशेब लागेना. चार जणींकडे चौकशी केली. पैसे तिने घेतले होते आणि खर्च केले होते, यात काही संशय उरला नाही. रविवारी उपासना संपल्यावर बाहेर चहा चालू होता. मी सगळ्यांसमोर तिला विचारलं, माझ्या भिशीचे दोन हजार कुठे आहेत? ती काही बोलली नाही. हातातला कप तिने कठड्यावर ठेवला, तो नीट बसतोय ना हे बघितलं, आणि मुलाचा हात धरून निघून गेली.

चार महिन्यांत तिने पैसे फेडले. शंभराच्या नोटा पाकिटात घालून मुलाच्या हाती पाठवायची. चर्चला मात्र पुन्हा आली नाही. पुढे ते कुटुंब बदलापूरकडे राहायला गेलं. माझं एकही वाक्य खोटं नव्हतं, हिशेब रुपयापर्यंत बरोबर होता. पण ते पैसे तिला कशासाठी लागले हे मला आजतागायत माहीत नाही. मी ते विचारलंच नव्हतं. मी फक्त ‘कुठे आहेत’ हे विचारलं, आणि तेही अकरा जणींना ऐकू जाईल असं.

म्हणून तुमच्या संघातल्या बायका हेतूची गोष्ट काढतात तेव्हा मला ती पटत नाही, आणि तुम्ही ‘मला चुकीचं कळलं होतं’ म्हणता तेही पुरेसं वाटत नाही. माहिती चुकली ही एक गोष्ट झाली. माहिती बरोबर असती तरी चुकलीच असती अशी दुसरी गोष्ट तिच्याखाली आहे, आणि मला तिच्याबद्दल बोलायचंय.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातलं ते वचन आपण पाठ केलेलं असतं: ‘तुमचे दोष काढण्यात येऊ नयेत म्हणून तुम्ही कोणाचे दोष काढू नका.’ त्याच्याच पुढे आपल्या मराठी पवित्र शास्त्रात कुसळ आणि मुसळ येतं. मूळ ग्रीकमध्ये कुसळाच्या जागी ‘कार्फोस’ आहे, म्हणजे वाळकी काडी, भुसकट. मुसळाच्या जागी ‘डोकोस’, म्हणजे छपराला घालतात ती तुळई. सुतारकाम केलेल्या माणसाच्या तोंडचा दाखला आहे. काडीही लाकडाची आणि तुळईही लाकडाचीच. मराठीत येताना सुताराचं दुकान मागे राहिलं आणि घरातलं उखळ आलं. कुसळ धान्याच्या कणसाचं आणि मुसळ तेच धान्य कांडायचं. आता मुसळ आपल्याला लग्नाच्या हळदीलाच दिसतं, आंब्याची पानं बांधलेलं, पण शब्द टिकलाय. मला यात एक गोष्ट फार जाणवते. दोन्ही भाषांत त्या दोघांच्या डोळ्यांत एकाच घरातल्या, एकाच जातीच्या वस्तू आहेत. दुसऱ्यात जे आपल्याला चटकन दिसतं, ते बहुतेक वेळा आपल्या घरात मोठ्या आकाराचं असतं. याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

पण हा उतारा बहुतेक जण अर्ध्यावर सोडतात, तुमच्या मुलानेही तेच केलंय. पाचव्या ओवीत येशू असं म्हणत नाही की भावाच्या डोळ्यातलं कुसळ राहू दे. आधी आपलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल, असं तो म्हणतो. कुसळ काढायचंच आहे. डोळ्यात कुसळ घेऊन कुणाला झोप लागते?

आता ते काढायचं कसं ते आठवा. लहानपणी भायखळ्याच्या आमच्या चाळीत वाऱ्याने डोळ्यात काही गेलं की आई मला गॅलरीत उजेडाकडे तोंड करून बसवायची. एका हाताने पापणी उलटायची, पदराचं टोक ओलं करायची आणि म्हणायची, हलू नकोस. तिचा श्वास माझ्या गालाला लागायचा. मला तिच्यावर पूर्ण भरवसा असायचा, म्हणूनच मी डोळा उघडा ठेवायचे. डोळ्यातलं काढायला इतकं जवळ जावं लागतं. लांब उभं राहून ‘तिच्या डोळ्यात काहीतरी आहे’ असं दहा जणींना सांगता येतं, पण काढता मात्र येत नाही.

तुम्ही तिला तीनदा पाहिलंत, तीनदाही लांबून. तिसऱ्यांदा तरी पूल उतरून जाता आलं असतं. ‘काय गं, एवढ्या रात्री इकडे?’ एवढंच विचारायचं होतं. कदाचित ती खोटं बोलली असती. कदाचित त्या गर्दीत तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली असती, कारण तीन महिने ती ते ओझं एकटीच वाहत होती.

मुंबईत एकमेकांचं आपल्याला फार दिसतं. चाळीच्या गॅलरीत कोण कुणाकडे आलं, किती वेळ थांबलं, जाताना चेहरा कसा होता, सगळं दिसतं. लेडीज डब्यात शेजारणीच्या फोनवरचा निरोपही नजरेला पडतो. सव्वादोनशे चौरस फुटांच्या खोलीत भिंतीपलीकडचं भांडण शब्दन् शब्द ऐकू येतं. एवढं दिसतं आणि ऐकू येतं म्हणून वाटतं की माणूस आपल्याला कळलाय. खरं तर त्याची फक्त जाण्यायेण्याची वेळ आपल्याला कळलेली असते.

आता बुधवारच्या प्रार्थनेबद्दल, आणि इथे मी थोडं कडक बोलणार आहे. हे फक्त तुमच्या मंडळीत होत नाही. आपल्या लोकांत ‘प्रार्थनेचा विषय’ हे शब्द फार पवित्र आहेत. कुणी आजारी, कुणाची नोकरी गेली, कुणाचं बाळ काचेच्या पेटीत, अशा वेळी त्या दोन शब्दांनी माणसं एकत्र येतात, डबे पोचवतात, रक्त द्यायला जातात. मी स्वतः त्या प्रार्थनांच्या आधारावर उभी राहिले आहे. म्हणूनच याच शब्दांत गुंडाळून कुणाची बदनामी पुढे सरकते तेव्हा मला जास्त यातना होतात. देवाला त्या मुलीसाठी विनवायचं होतं तर त्याला स्टेशनचं नाव, वेळ आणि दंड धरल्याचं सांगायची गरज नव्हती. तो पुलावर होता. तो धर्मशाळेतही होता. ते तपशील देवासाठी नव्हते ताई, ते खोलीतल्या नऊ बायकांसाठी होते. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, म्हणजे त्याच डोंगरावरच्या प्रवचनात कुसळ-मुसळाच्या जरा आधी, येशू म्हणतो की प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा, दार लाव आणि मग कर. आपल्या घरांत दार लावायला वेगळी खोली नसते हे खरंय. पण ओठ मिटून मनात नाव घेता येतं. ज्या माणसाने आपल्याला सांगितलेलं नाही, त्याच्यासाठी दुसऱ्या कुणाला न सांगता प्रार्थना करायची, एवढा नियम मी भिशीच्या त्या प्रकारानंतर स्वतःला लावून घेतला. तो मोडतोही कधी कधी. मोडला की मला कळतं.

आणि दोष खराच असेल तर? त्यासाठी मी पंडिता रमाबाईंकडे जाते. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. तिथे असताना त्यांना लंडनमध्ये फुलमला भगिनींचं एक केंद्र दाखवलं. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे घर मिळत होतं, प्रेम मिळत होतं. रमाबाई विदुषी होत्या, शास्त्रं पढलेल्या होत्या, पण अशा बायकांशी कुणी असं वागतं हे त्यांनी आधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी शिकवणाऱ्या भगिनीला विचारलं, तुम्ही हे का करता? भगिनीने उत्तरादाखल योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला, शोमरोनी स्त्रीचा. हाच ख्रिस्त खरा तारणारा, ही खात्री तिथे पटली, असं रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय.

तो अध्याय पुन्हा वाचा. त्या बाईचे पाच नवरे झालेले होते आणि आता जो होता तो नवरा नव्हता. हे खरं होतं, आणि येशूने ते तिला सांगितलं. लपवाछपवी केली नाही, चालायचंच असंही म्हटलं नाही. पण कुठे सांगितलं? भर दुपारी विहिरीपाशी, दोघेच असताना. शिष्य गावात अन्न विकत घ्यायला गेले होते. आणि सांगण्याआधी त्याने तिच्याकडे प्यायला पाणी मागितलं, स्वतः तिचा गरजू झाला. नंतर ती बाई घागर तिथेच टाकून गावात धावली आणि लोकांना म्हणाली, मी केलेलं सगळं ज्याने मला सांगितलं तो माणूस येऊन बघा. आपले दोष ज्याने बोलून दाखवले त्याच्याकडे ती साऱ्या गावाला बोलावते आहे! मी जिचा दोष सांगितला ती बाई बदलापूरला निघून गेली. दोष दोन्हीकडे खराच होता.

रमाबाईंना ते बोलणं आयुष्यभर पुरलं. ११ मार्च १८८९ ला त्यांनी आपल्याच मुंबईत, चौपाटीजवळ शारदा सदन उघडलं, विधवांसाठी. पुढे केडगावला मुक्ती मिशनमध्ये कृपासदन नावाचं घर काढलं ते अशाच स्त्रियांसाठी, ज्यांना दुसरीकडे कुठे दार उघडत नव्हतं. रमाबाईंवर स्वतःवरही लोकांनी कमी शिंतोडे उडवले नव्हते. जातीबाहेरचं लग्न, मग वैधव्य, मग धर्मांतर, प्रत्येक पायरीवर कुणी ना कुणी न्यायाधीश बसलेला होता.

आता एक जुन्या करारातली गोष्ट, आणि तिच्यातूनच मला तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे यायचंय. पहिल्या शमुवेलाच्या पहिल्या अध्यायात हन्ना शिलोच्या मंदिरात येते. मूल नाही, सवतीचे टोमणे, जीव कातावलेला. ती मनात प्रार्थना करते, ओठ हलतात, आवाज येत नाही. एली याजक दाराच्या खांबाजवळ आसनावर बसलेला असतो. (प्रत्येक चर्चच्या दाराशी असं एक आसन असतं, आणि त्यावर बसून मीही पुष्कळांचे ओठ बघितलेत.) त्याला वाटतं, ही बाई प्यायलेली आहे. तो तिला म्हणतो, किती वेळ झिंगून राहणार आहेस? दारू सोड.

केवढा अन्याय. पण एलीने एक केलं, जे तुम्ही केलं नाही. तो जे बोलला ते तिच्या तोंडावर बोलला. म्हणून तिला उत्तर देता आलं: नाही महाराज, मी दुःखी बाई आहे, मी परमेश्वरापुढे मन मोकळं करत होते. आणि एली तिथल्या तिथे वळला, शांतीने जा म्हणाला, आशीर्वाद दिला. सगळी चूक काही वाक्यांत दुरुस्त झाली, कारण जिच्याबद्दल बोलणं चाललं होतं ती समोर होती. एलीने हेच बुधवारी दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर हन्ना रामा या आपल्या गावी परतली असती ती दारुडी म्हणून नाव घेऊन.

आणि पुढचा अध्याय वाचला की काळजात चर्र होतं. त्याच मंदिरात एलीचे स्वतःचे दोन मुलगे, हफनी आणि फिनहास, अर्पणाचं मांस हिसकावून घेत होते, सेवेला येणाऱ्या बायकांशी कुकर्म करत होते. म्हाताऱ्याला ते ठाऊक होतं. तो त्यांना बोलला, पण थोपवलं नाही. परक्या बाईचे हलणारे ओठ त्याला आसनावरून दिसले आणि त्यांचा अर्थ त्याने लगेच लावला. घरातल्या गोष्टीला मात्र हात लावायला तो धजला नाही.

ताई, तुमच्या दिराची गोष्ट अकरा वर्षांची आहे. पुलावरच्या मुलीची गोष्ट तुम्ही प्रार्थनासभेत सांगितलीत. ‘त्यावरही बोलायचं नाही का’ असं तुम्ही मला विचारता, जणू आजवर बोलत आला आहात आणि आता पाळकसाहेबांच्या उपदेशाने तोंड बंद होईल. पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. अकरा वर्षांत तुम्ही दिराला काय म्हणालात ते त्यात कुठेच नाही. परक्या पोरीबद्दल बोलायला धीर लागला नाही, कारण ती उलटून बोलणार नव्हती. घरातल्या पुरुषाबद्दल बोलायला लागतो. मुसळ ते हे. मी तुम्हाला कमी लेखत नाही. आपल्या घरांत हा धीर किती महाग पडतो ते मला माहीत आहे.

त्यामुळे मुलाला सांगा, जो तो आपल्या जागी बरोबर असं येशूने कुठेही म्हटलेलं नाही. तोंडदेखला न्याय करू नका, यथार्थ न्याय करा, असं तोच योहानाच्या सातव्या अध्यायात म्हणतो. दिराच्या मनात काय चालतं, कुठल्या दुःखाने तो बाटलीकडे वळला, देव शेवटी त्याचं काय करील, याचा निवाडा आपल्या हातात नाही. पण त्याचा उगारलेला हात ही डोळ्यांसमोरची गोष्ट आहे आणि तो थांबवायलाच हवा. त्याला बोलण्याआधी जावेला एकटीला गाठा. तिला काय हवंय ते विचारा, कारण तुम्ही बोलून घरी याल आणि रात्री मार तिला बसेल, असं व्हायला नको. तिला दार ठोठावता येईल असं तुमचं घर आहे, हे तिला स्पष्ट शब्दांत सांगा. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२ हे नंबर तिच्याकडे पाठ असू द्या. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा आहे, त्यात तिला कायदेशीर प्रक्रियेशिवाय राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही आणि संरक्षणाचा आदेश मागता येतो. पाळकसाहेबांना सांगायचं तर तिच्या संमतीने सांगा. ख्रिस्ती बाईने सहन करावं असं कुणी तिला सांगू लागलं तर तुम्ही तिच्या बाजूला उभ्या राहा.

आता त्या मुलीकडे जायचं.

एकट्या जा. संघातल्या दोघीतिघी आणि फळांची पिशवी असं नको. ती भेट होते, मग तिला चहा करावा लागतो, हसावं लागतं. रविवारी चर्चच्या आवारात तर मुळीच नको. सासू घरी नसेल अशी वेळ शोधता आली तर बरं. तिथे तुम्ही काय बोललात ते तिला सांगा, नेमकं, कुणाकुणासमोर आणि कधी. ‘माझ्याकडून काही चुकलं असेल तर’ असं म्हणू नका, कारण ‘असेल तर’ नाही, चुकलंच आहे. हेतूबद्दल बोलू नका. लोक आधीच बोलत होते असंही नको. भावाची चौकशी तिने विषय काढल्याशिवाय करू नका. क्षमा मागा आणि उत्तराची वाट न बघता थांबा. तिने क्षमा करावी म्हणून ख्रिस्ती शिकवण आठवून देऊ नका. ते तिचं आणि प्रभूचं आहे. क्वायरमध्ये परत ये, असंही आज म्हणू नका.

एक गोष्ट तिला विचारूनच करायची. कुवेतला नवऱ्याशी बोलू का? ती हो म्हणाली तर बोला, नाही म्हणाली तर गप्प राहा. हे प्रकरण एकदा तुम्ही तिच्या पाठीमागे पुढे नेलंत, दुरुस्तीही तिच्या पाठीमागे नको.

मग त्या नऊ बायका. तुम्ही जे मोडलंय ते जिथे मोडलंय तिथेच सांधावं लागणार. शुभवर्तमानातल्या जक्कय या जकातदाराने, लुबाडलेलं चौपट परत करीन म्हटलं होतं. तुम्ही निदान जितक्या कानांत घातलंत तितक्या कानांतून काढा. एकेकीला फोन करा किंवा पुढच्या बुधवारी सगळ्यांसमोर बोला, आणि म्हणा, मी त्या मुलीबद्दल जे सांगितलं ते मला माहीत नसताना सांगितलं, ते खोटं होतं, माझं पाप झालं. इथे फार सांभाळा. कुणीतरी विचारणारच, मग तो होता कोण? तेव्हा तिचं नाव स्वच्छ करायच्या घाईत भावाचा आजार, दारू, धर्मशाळा असं सगळं सांगून बसाल. सांगू नका. ते तिने लपवलंय, तिच्या कारणांनी. ‘ते आपण विचारायचं नाही’ एवढंच म्हणा. बायका गप्प होतील, एखादी नाराज होईल, महिला संघात तुमची किंमत जरा उतरेल. उतरू द्या.

अर्पण वेदीवर आणलं असेल आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर, असं प्रभूचं सांगणं आहे. म्हणून शक्य असेल तर पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारच्या आत जा.

ती दार उघडेल आणि कदाचित ‘आत या’ म्हणणार नाही. उंबऱ्यात तशीच उभी राहील, एक हात दाराला लावून. तर मग बाहेर, जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहूनच बोला, पण आवाज अगदी हळू ठेवा. संध्याकाळी शेजारची दारं उघडी असतात.